मोफत शिकवणीचा थोडा इतिहास

पालकहो आणि विद्यार्थी मित्रांनो, शिकवणीची फी परवडत नाही म्हणून मूल मागे पडले, हे बोल आपण अनेकदा ऐकतो. यास्तव अलीकडचा थोडा इतिहास आपणापुढे ठेवीत आहे.

सन २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे नोकरी करणाऱ्या सलमान खान (सिनेनट नव्हे) या तरुणाने न्यू ऑर्लिन्सला राहणाऱ्या नादिया या नात्यातील बहिणीला फोनवरून गणित शिकविण्यास आरंभ केला. मापांच्या रूपांतरात ती अडत असे. हळूहळू नात्यातील इतर मुलेही शिकू लागली, तेव्हा २००६ मध्ये त्याने धडे यूट्यूबवर ठेवले. त्यातूनच २००८ मध्ये खान अकॅडमी ही ना-नफा संस्था उभी राहिली. आपल्या देशात २०१५ मध्ये प्रथम बुक्सने स्टोरीवीव्हर सुरू केले. तेथे मराठी व उर्दूसह अनेक भाषांत बालकथा विनामूल्य मिळतात. २०१७ मध्ये केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ आले आणि पाठ्यपुस्तकावरील क्यूआर कोडमधून धडा मोबाईलवर उघडू लागला.

परंतु २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा कित्येक घरांत फोन एकच होता आणि तो वडिलांबरोबर कामावर जात होता. धडा मोफत असूनही मुलाच्या हाती येत नव्हता.

तेव्हा पालकहो, रोज संध्याकाळी अर्धा तास तो फोन अभ्यासासाठी राखून ठेवा आणि मुलाशेजारी बसा. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला जे समजले ते धाकट्या भावंडांना शिकवा. एवढ्या मोठ्या कार्याचा आरंभही एका भावाने बहिणीला शिकविण्यातूनच झाला, हे विसरू नका.