दोन साच्यांचा बैल

दिवाळीची चाहूल लागली की आमच्या हातकणंगल्यातील पोरांना मातीचे वेड लागते. अंगणात दगड, पोती, तांबडी माती जमते. किल्ला उभा राहतो, तटावर मोहरी पेरली जाते आणि मास्तर म्हणून मला किल्ल्याची पाहणी करण्याचे बोलावणे येते. तीन वर्षांपूर्वी माझ्या मनात आले, मावळे बाजारातून का आणावेत? ओढ्याकाठची माती आणून आम्ही वीस मावळे घडवले आणि गोवऱ्यांच्या जाळात ठेवले. फटाके उडावेत तसे ते उडाले. अठरा वीर शत्रू दिसण्यापूर्वीच धारातीर्थी पडले!

शेजारच्या गल्लीतील कुंभारआप्पांनी ते तुकडे हातात घेऊन पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, माती तिंबली न्हाई तुम्ही. आत हवा ऱ्हायली, वल ऱ्हायली. फुटणार न्हाई तर काय हुईल?"

मग आप्पांची शाळा भरली आणि मी पहिल्या बाकावर बसलो. वाळलेली ढेकळे फोडून भिजत घालावीत, गाळून खडे काढावेत, कणकेसारखी माती तिंबावी. हात किंवा शिंग जोडायचे तर दोन्ही बाजू काडीने खरवडून पातळ चिखल लावावा; नुसते चिकटवलेले वाळताना गळून पडते. अंगठ्याहून जाड भाग भरीव ठेवू नये. उन्हात नव्हे, सावलीत वाळवावे. आच आधी मंद, मग मोठी. हत्यारे म्हणाल तर बांबूची चपटी काडी, सायकलची जुनी तार, माती कापायला दोरा आणि ओले फडके. एवढ्यावर सारा संसार!

जाताना आप्पांनी आपल्या आजोबांचा बेंदराच्या बैलाचा साचा पोरांना दाखवायला दिला. भाजक्या मातीची दोन शकले, एकात बैलाची डावी कूस, दुसऱ्यात उजवी. माती दोन्हींत दाबायची, कडा जुळवायच्या. आत पोकळ बैल तयार.

हा साचा पाहून मला कोल्हापूरची ब्रह्मपुरी आठवली. पंचगंगेच्या काठच्या त्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. अहवाल १९५२ साली निघाला. सातवाहनकाळातील नगर तेथे उजेडात आले. त्याच टेकाडातून मिळालेली समुद्रदेव पोसायडनची मूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात पाहावयास मिळते. लोक ती पाहून थक्क होतात, ते योग्यच. पण माझे मन मातीच्या वस्तूंपाशी घुटमळते.

कारण दोन साच्यांची ही युक्ती सातवाहनकाळातल्या कारागिरांना पुरती अवगत होती. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात या बाजारपेठेचे नाव आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेथे आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंतून संग्रहालय उभे राहिले. तेथील पांढऱ्या मातीच्या मूर्ती दुहेरी साच्यातल्या, आतून पोकळ आहेत. पोकळ का? भिंत सारखी पातळ असली की ओल सारखी सुकते, वाफ कोंडत नाही, मूर्ती फुटत नाही. आप्पांचा धडा दोन हजार वर्षांचा जुना निघाला!

त्याहीपूर्वी साच्याशिवाय हाताने घडवण्याचा काळ होता. पुणे जिल्ह्यातील इनामगावी १९६८ पासून झालेल्या उत्खननात घराच्या जमिनीखाली शिर नसलेली स्त्रीमूर्ती आणि बैल सापडला, तीन हजार वर्षांहून जुना आणि न भाजलेला. कुणा हाताने तो घडवला असेल! साच्याने त्या हाताची जागा घेतली असे म्हणण्यापेक्षा, त्या हाताची कला साच्याने घरोघर पोहोचवली, असे मला वाटते.

आता पोरांच्या हाती नवी माती आली आहे. तिला पॉलिमर क्ले म्हणतात. तिचा एक जुना पूर्वज जर्मनीत बाहुल्या करणाऱ्या केथे क्रुझे यांच्या कन्येने घडवला, आणि १९६४ मध्ये ती कृती एका कंपनीने घेतली. तीच पुढे 'फिमो' म्हणून जगभर गेली. ही खरी माती नव्हे, प्लास्टिकचाच एक प्रकार. आपल्या मातीला पक्की व्हायला सहाशे अंशांपलीकडचा जाळ लागतो. हिला घरच्या ओव्हनमधले सुमारे एकशे तीस अंश पुरतात. आच वाढली तर ती करपते आणि घातक धूर सोडते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी. तिच्या सुऱ्या, लाटणी स्वयंपाकात वापरू नयेत. बाकी पहिला धडा तोच : आधी मळा, मग घडवा.

आणि साच्याचे काय झाले? तो माझ्या वर्गात फुटला. पोराच्या हातून पडला खरा, पण टेबलाच्या कडेला ठेवला होता मी. चार दिवस मला आप्पांच्या दारी जाण्याचे धैर्य झाले नाही. गेलो तेव्हा ते काही बोलले नाहीत. कोनाड्यात राहिलेला जुना बैल काढला, त्याला तेल लावले आणि ओल्या मातीत दाबून नवा साचा घेतला.

पण माती वाळताना आणि भाजताना आकसते. साचा आकसला, त्यातला बैलही आकसला. पुढच्या बेंदराला आप्पांचा बैल आजोबांच्या बैलाहून बोटभर लहान निघाला. मी मान खाली घातली. आप्पा म्हणाले, "ल्हान झाला, पर बैलच हाय न्हवं? साचा काढायला हात शिल्लक पायजे, गुरुजी."

त्यांचा मुलगा इचलकरंजीत यंत्रमागावर जातो. यंदा किल्ला करण्यापूर्वी माझ्या वर्गातील चार पोरे रोज संध्याकाळी आप्पांकडे माती तिंबायला बसतात. पाचवा मी.