उजेड हेही औषधच आहे

मोझरी-तिवश्याकडे चेहऱ्याला लावायच्या एलईडी मास्कची गोष्ट निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "उजेडच तं आहे, त्यानं काय होते बाप्पा?" मलमानं आग होते, गोळीनं पित्त वाढतं, उजेडाचं तसं काही नाही. रात्री पंधरा मिनिटं मास्क चढवायचा, वांग आणि मुरुम गेले तर गेले, नाही गेले तरी नुकसान नाही. मला हे मत खोडायचं आहे, कारण ते मुळातच चुकीचं आहे. जो उजेड त्वचेत बदल घडवू शकतो, तो बिघाडही घडवू शकतो. आणि ज्याच्यानं काहीच बिघडत नाही, त्याच्यानं काही सुधारेल असं मानायला आधार नाही.

समोरच्या पक्षाचं खरं आहे तेवढं आधी मान्य करतो. उजेडाचे उपचार हे थोतांड नव्हे. त्वचेच्या क्षयावर एकवटलेल्या प्रकाशानं इलाज केल्याबद्दल डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनला 1903 साली नोबेल मिळालं. आपल्याकडचं उदाहरण त्याहून कितीतरी जुनं. मोझरीच्याच गुरुकुंज आश्रमात आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथं शिकलेल्या वैद्यांना बावची नवी नाही. कोडावर बावची लावून ऊन घ्यायचं, पण ते मोजून. जास्त झालं तर त्याच जागी फोड उठतात. बावचीत सोरालेन असतं. 1974 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सोरालेनची गोळी आणि अतिनील किरण यांची जोड सोरायसिसवर वापरली, ती याच तत्त्वावर.

अगदी जवळचं पाहायचं तर काविळीचं तान्हं बाळ पाहा. निळ्या दिव्याखाली ठेवलेल्या त्या बाळाच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली असते, अंगावर फक्त लंगोट असतो. दिवा किती अंतरावर ठेवायचा, रक्तातलं बिलिरुबिन कितीवर उतरलं की थांबायचं, हे ठरलेलं असतं. त्या खोलीत "उजेडच तं आहे" असं कोणतीही सिस्टर म्हणणार नाही.

मुरुमांचंही पाहू. मुरुमांतले जंतू पॉर्फिरिन नावाचं द्रव्य तयार करतात. ते 415 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं आणि त्यातून जंतू मरतात. ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजीत 2000 साली आलेल्या अभ्यासात 107 रुग्ण होते. निळा आणि लाल प्रकाश एकत्र घेणाऱ्या गटात 12 आठवड्यांत सुजऱ्या मुरुमांमध्ये सरासरी 76 टक्के सुधारणा दिसली. म्हणून "सगळी फसवणूक आहे" म्हणणाऱ्यांच्या बाजूनंही मी नाही. मात्र त्या अभ्यासात तरंगलांबी ठाऊक होती, मात्रा ठाऊक होती आणि आजार सौम्य ते मध्यम मुरुमांचा होता. त्या निष्कर्षाच्या जोरावर वांगाचा इलाज विकता येत नाही.

आता घरी येणारा खोका हातात घ्या. पांढरा प्लास्टिकचा मुखवटा, एक वायर, एक रिमोट, आणि सात रंगांची यादी: लाल तारुण्यासाठी, पिवळा तेजासाठी, जांभळा अमक्यासाठी. नॅनोमीटरचा आकडा शोधा, दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिवॉट ते शोधा. स्वस्तातल्या खोक्यांवर दोन्ही बहुधा नसतात. पंधरा मिनिटांत कातडीला किती ऊर्जा मिळाली हे या आकड्यांशिवाय कळूच शकत नाही. मात्रा माहीत नसलेलं औषध आपण एरवी घेऊ का? शिवाय ते सात रंग खरे सात नसतातच. अशा बऱ्याच मास्कमध्ये लाल, हिरवा आणि निळा एवढेच दिवे असतात. अंधाऱ्या खोलीत पिवळा रंग लावून त्याचा उजेड जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर पाडून पाहा. तो लाल आणि हिरव्यात फुटला, तर तेज देणारा तो पिवळा म्हणजे डोळ्यांना दिसणारी नुसती भेसळ.

यावर दोन उत्तरं हटकून येतात. एक, हे नासाचं तंत्र आहे. नासानं अवकाशात रोपं वाढवायला एलईडी वापरले आणि पुढं जखमा भरण्यावर त्यांचा अभ्यास झाला, हे खरं. त्यानं तुमच्या हातातला मास्क सिद्ध होत नाही. दुसरं, अमेरिकेच्या एफडीएची मान्यता आहे. अशा उपकरणांना तिथं बहुधा मिळते ती आधी विकल्या जाणाऱ्या उपकरणाशी साम्य दाखवून मिळालेली परवानगी. आणि ती ठरावीक मॉडेलपुरती असते, दिसायला सारख्या असणाऱ्या सगळ्या मास्कांना नाही. न्यूट्रोजीनाचा मुरुमांसाठीचा मास्क तर नावाजलेला होता. तरी डोळ्यांचे काही विशिष्ट आजार असलेल्यांना आणि डोळे प्रकाशाला हळवे करणारी औषधं घेणाऱ्यांना धोका संभवतो म्हणून 2019 च्या जुलैत कंपनीनं खबरदारी घेत तो परत मागवला.

खरी चिंता वांगाची आहे, कारण आपल्याकडे बायका हा मास्क मागवतात तो मुख्यतः त्यासाठी. वांग उन्हानं वाढतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला अतिनील किरणच जबाबदार असतात असं नाही. दिसणारा प्रकाशही सावळ्या कातडीत रंगद्रव्य वाढवतो. 2014 साली फ्रान्सच्या संशोधकांनी त्वचेवर 415 आणि 630 नॅनोमीटरचा प्रकाश वेगवेगळा टाकून पाहिला. लालनं काळेपणा आला नाही. निळ्यानं आला आणि तीन महिन्यांपर्यंत टिकला. म्हणजे मुरुमांच्या जंतूंना मारणारा निळा प्रकाश वांग असलेल्या चेहऱ्यावर उलटा पडू शकतो. त्या प्रयोगातली मात्रा घरच्या मास्कपेक्षा बरीच मोठी होती, हा आक्षेप रास्त आहे. पण मात्रा कमी म्हणून अपाय नाही म्हणायचं आणि त्याच मात्रेनं महिन्याभरात चेहरा पालटतो असंही म्हणायचं, ही दोन्ही विधानं एका तोंडी शोभत नाहीत. आधीच डाग असलेल्या चेहऱ्यावर, ज्याचा आकडाही माहीत नाही असा निळा दिवा रोज लावायचं कारण काय?

त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: चेहऱ्याला सध्या काय लावता? गोरेपणासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन यांचं मिश्रण असलेली ट्यूब महिनोन्‌महिने लावणाऱ्या कितीतरी बायका आहेत. त्यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड. केंद्र सरकारनं 2018 मध्ये 14 स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यावीत असा नियम केला, तरी ओळखीवर ट्यूब मिळतेच. तिनं कातडी पातळ होते, लाल पडते, उन्हात जळजळते, बारीक पुटकुळ्या येतात. अशा चेहऱ्यावर मास्क लावला की मूळ दुखणं झाकलं जातं, डॉक्टरकडे जाणं लांबतं आणि ट्यूब चालूच राहते. माझ्या मते उजेडापेक्षा हे नुकसान मोठं आहे.

मग मास्क कुणी वापरावा? वांग नाही, डोळ्यांचा आजार नाही, प्रकाशाला हळवी करणारी औषधं चालू नाहीत, मुरुम सौम्य आहेत आणि खोक्यावर तरंगलांबी व मात्रा स्पष्ट लिहिली आहे, अशीनं डोळ्यांवर आच्छादन ठेवून, सांगितल्या वेळेपुरता, त्वचारोगतज्ज्ञाला विचारून जरूर वापरावा. वांग असलेलीनं मात्र ते पैसे आयर्न ऑक्साइड असलेल्या रंगीत सनस्क्रीनवर खर्च करावेत, कारण दिसणारा प्रकाश अडवायला साधं पांढरं सनस्क्रीन पुरत नाही. आणि स्कूटीवर निघताना मुली तोंडाला बांधतात तो ओढणीचा फडका, किंवा कापूस वेचताना बायका कपाळावरून ओढून घेतात तो रुमाल, जाड आणि गडद रंगाचा असावा. विरळ पांढऱ्या मलमलीतून भरपूर उजेड आत येतो.