बेथेस्डा व ऑग्वेन खोरे

वायव्य वेल्समधील ग्विनेद परगण्यातले बेथेस्डा हे ऑग्वेन नदीच्या डोंगरी खोऱ्यातील गाव. हिमनदीने कोरलेल्या नांट फ्रँकन दरीतून उतरून ही नदी बँगोरजवळ समुद्राला मिळते. गावासमोरच्या डोंगरउतारावर पेनरिनची पाटीच्या दगडाची खाण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती या दगडाची जगातील सर्वांत मोठी खाण होती. तीत सुमारे ३,००० माणसे काम करीत. गावाचे नाव १८२० मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थनामंदिरावरून पडले. या प्रचंड खाणीमुळे दगडानेच हे खोरे वसवले, असे सहज म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. खोऱ्याच्या सुबत्तेचा आणि हलाखीचा निर्णय दगडापेक्षा जमिनीच्या मालकीने केला.

पूर्वी स्थानिक लोक लहान पट्टे घेऊन दगड काढीत. १७८२ मध्ये जमीनदार रिचर्ड पेनन्ट याने ते पट्टे मोडून खाण स्वतःच्या हाती घेतली. जमैकातील ऊसमळ्यांवर गुलामांच्या श्रमातून त्याच्या घराण्याने मिळवलेला पैसा इथे लागला. बंदर बांधले गेले, १८०१ मध्ये तिथपर्यंत घोड्यांनी ओढायचा लोहमार्ग झाला. हे भांडवल नसते तर खोऱ्यात मेंढपाळीपलीकडे काय उरले असते, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. डोंगरातला दगड जहाजापर्यंत नेणे लहान पट्टेदारांच्या आवाक्यातले नव्हते. परंतु त्याच भांडवलाने खोऱ्यात रोजगार देणारा जवळजवळ एकच धनी उरला आणि आसपासची बरीचशी जमीनही त्याचीच राहिली. कामगारांच्या टोळ्या कड्याचा एकेक भाग महिन्याच्या बोलीने घेत, पण दर ठरवी तो व्यवस्थापनाचा माणूस.

याची कसोटी नोव्हेंबर १९०० मध्ये लागली. संघटनेच्या हक्कावरून आणि बोलीच्या पद्धतीवरून सुमारे २,८०० कामगार बाहेर पडले. लढा तीन वर्षे चालला. शेकडो जण दक्षिण वेल्सच्या कोळसा खाणींत गेले, गायकवृंद मदतनिधीसाठी गावोगाव हिंडले. या संपानेच धंदा बुडवला, असे काही जण मानतात. पण बांधकामातली मंदी, परदेशी दगड आणि स्वस्त कौले यांनी वेल्समधल्या इतर खाणींनाही ग्रासले, त्या संपावर नसतानाही. संपाने घसरण लवकर आणली असेल. उत्पन्नाचे दुसरे साधन नसल्याने ती असह्य झाली, हे अधिक सयुक्तिक वाटते.

हिशेबाची आणखी एक बाजू नफ्याच्या वहीत कधी चढली नाही. विकण्याजोग्या एका टनामागे साधारण दहा टन वा त्याहून अधिक राडा डोंगरावर पडला आणि दगडाची धूळ फुप्फुसांत साचली. त्या आजाराच्या भरपाईचा कायदा १९७९ मध्ये आला, तेव्हा कित्येक पिढ्या संपल्या होत्या. दुसरीकडे, याच खाणकामगारांनी तुटपुंज्या मजुरीतून वर्गणी काढून १८८४ मध्ये बँगोरच्या महाविद्यालयाला हातभार लावला. खोऱ्याची ही कमाई मालकाच्या मर्जीवर अवलंबून नव्हती, आणि ती टिकली.

खाण आजही चालते, पण यंत्रांमुळे मोजक्या माणसांवर. २०१३ पासून जुन्या खड्ड्यावरून पर्यटक तारेला लटकून जातात. २०२१ मध्ये वायव्य वेल्सचा हा पाटी-दगडाचा प्रदेश जागतिक वारसा ठरला. पर्यटनाचा पैसा येतो, मात्र तोही बराचसा बाहेरच्या माणसाच्या लहरीवर येतो. त्या मानाने नदीवरचा लहान जलविद्युत प्रकल्प अधिक आश्वासक आहे. स्थानिकांनी भागभांडवल घालून तो उभारला असून त्याची शिल्लक खोऱ्यातल्याच कामांसाठी ठेवलेली आहे.