गळती कोणाची?

मृगापूर्वी घर शाकारले नाही तर माजघरात पातेली मांडावी लागतात, हा अनुभव कौलारू घरात राहिलेल्या प्रत्येकाला आहे. 'गळती' या शब्दाशी आपला पहिला परिचय होतो तो असा. शिवालयात पिंडीवर टांगलेल्या, बुडाला भोक असलेल्या अभिषेकपात्रालाही गळतीच म्हणतात. तेथे गळणे हा दोष नव्हे. तेच त्या भांड्याचे काम. घटिकापात्राची गोष्ट याच्या उलट. त्यात पाणी बाहेर न जाता आत शिरते, आणि वाटी बुडाली म्हणजे एक घटिका, अर्थात 24 मिनिटे, झाली असे समजावयाचे. कित्येक पिढ्यांची लग्ने त्या बारीक छिद्राच्या भरवशावर लागली!

छप्पर असो, घागर असो की अभिषेकपात्र असो, गळती म्हटली की आपण छिद्राकडे पाहतो. पाण्याला कोणी बोल लावीत नाही. परंतु मराठीत 'गळणे' याला दुसराही एक अर्थ आहे. पान गळते, मोहोर गळतो, केस गळतात. येथे भांडेही नाही आणि छिद्रही नाही. जे गळते ते आपल्या धर्माने गळते, त्याला कोणी काय करणार? एकाच शब्दाचे हे दोन अर्थ शाळेच्या दारात एकत्र आले आणि घोटाळा झाला, असे आम्हांस वाटते.

1929 साली सर फिलिप हार्टोग यांच्या समितीचा हिंदुस्थानातील शिक्षणाविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. समितीने हिशेब मांडला तो असा: 1922-23 मध्ये पहिलीत असलेल्या दर 100 मुलग्यांपैकी 1925-26 मध्ये चौथीत उरले होते अवघे 18. प्राथमिक शिक्षण पुरे होण्यापूर्वी मुलाने शाळा सोडणे याला समितीने 'वेस्टेज', म्हणजे नासाडी, असे नाव दिले. हा शब्द खजिनदाराचा आहे. पैसा खर्च झाला आणि पदरात काही पडले नाही, अशी त्यातली तक्रार. मग सल्लाही त्याला साजेसाच मिळाला: शाळांचा विस्तार घाईने करू नका, आहेत त्या आधी सुधारा. सल्ल्याचा उत्तरार्ध कोणीही मान्य करील. पण ज्या गावात शाळाच नव्हती, त्या गावाने शेजारच्या गावातील मुले शाळा सोडतात म्हणून किती वर्षे थांबावयाचे?

आमच्या शिक्षणशास्त्राने नासाडी न म्हणता गळती म्हटले, हे एका परीने बरेच झाले. भांडे तपासण्याची वाट त्या शब्दात होती. पण शिक्षणखात्याच्या तक्त्यांत तो शब्द शिरला तो पानगळीच्या अर्थाने. मुले 'गळाली', अकर्मक क्रियापद, कर्ता कोणी नाही.

वस्तुतः छिद्र कोठे आहे हे हार्टोग समितीच्या 47 वर्षे आधी एका माणसाने दाखवून दिले होते. 1882 साली हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी सांगितले की, गरीब शेतकऱ्यांची मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखावयास आणि शेतावर लागतात. एवढे सांगून ते थांबले नाहीत. अशा मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्या, आणि बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी त्यांनी केली. म्हणजे गुराख्याची मजुरी बुडते ती भरून द्या! हिशेब येथेही आहे, पण तो मुलाच्या घरचा आहे.

सक्तीची मागणी पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 साली विधेयकाच्या रूपाने कायदेमंडळात नेली. 1912 साली ते 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरात मात्र शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता. दंड कडक खरा, पण त्यात एक गोष्ट स्पष्ट होती: शाळेत नसलेल्या मुलाबद्दल कोणीतरी मोठ्या माणसाने जाब द्यावयाचा.

स्वातंत्र्यानंतर 1955 मध्ये धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाच्या पाहण्या प्रसिद्ध केल्या. पुण्यात बसून आकड्यांवर हळहळण्यापेक्षा गावोगाव जाऊन शोधणे किती वेगळे, हे अशा कामावरून कळते.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर सरकारी कागदांत 'शाळाबाह्य' हा शब्द रूढ झाला आहे. शब्द बदलला तरी प्रश्न फुल्यांनी सांगितला तोच. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे कोयते घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात. त्यांची मुलेही पाठोपाठ जातात. धाकट्या भावंडाला सांभाळावयास कोणी तरी लागतेच. हजेरीपटावर नाव राहते, मूल फडात असते. अशा मुलांना गावातच ठेवून जेवूखाऊ घालणारी हंगामी वसतिगृहे आता काढली जातात. ती हंगामाच्या पहिल्या दिवशी उघडली तर मूल राहते. महिनाभर उशिरा उघडली तर बैलगाडी केव्हाच गेलेली असते.