परागंदा

परदेशी गेल्यावर हॉटेलात उतरणे म्हणजे तिथल्या नातेवाइकांचा अपमान, असे आमच्या दादांचे ठाम मत होते. तिथे नातेवाईक आहेत की नाहीत, हा मुद्दा गौण. दादा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. कोकणातल्या घराचे, कलमांचे आणि जुन्या कागदांच्या ट्रंकेचे राखणदार. 1984 साली केनियातले काम आटपून येताना मी चार दिवस मॉरिशसला थांबणार असे कळवले, तर उलट टपाली त्यांचे पत्र हजर : ‘तेथे आपली माणसे आहेत. त्यांच्याकडे उतरणे.’

आपली माणसे म्हणजे कोण? तर माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ 1859 साली रत्नागिरीकडचे आमचे गाव सोडून मुंबईला गेले आणि तिथून मॉरिशसच्या बोटीत चढले. त्यांचे वंशज. मध्ये फक्त सव्वाशे वर्षे पत्रव्यवहार नव्हता! मुंबईला आलेल्या तिकडच्या एका मराठीच्या मास्तरांनी गावाच्या नावावरून दादांना गाठले, तेव्हा कुठे सुगावा लागला.

ते गेले कशाला, हे समजायला थोडा इतिहास हवा. मॉरिशस इंग्रजांचे, पण उसाचे मळे बहुतांशी फ्रेंच मालकांचे आणि राबणारे आफ्रिकेतून आणलेले गुलाम. 1835 साली तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना ही कुणकुण आधीच लागली होती, त्यामुळे 1834 पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, वर शिधा. एक दिवस कामावर गेला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा. (हा नियम आमच्या कचेरीत लावला असता तर महिनाअखेर आम्हीच साहेबाला पैसे देणे लागलो असतो.) विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत असे सुमारे साडेचार लाख लोक गेले. बहुतेक बिहारकडचे, कलकत्त्याहून चढलेले. मद्रासेहून तमिळ, तेलुगू. आणि मुंबईहून आपले कोकणी-घाटी. पोर्ट लुईच्या बंदरात उतरले की दगडी पायऱ्या चढून वर कारकुनापुढे उभे राहायचे. त्या जागेला मी गेलो तेव्हा कुली घाट म्हणत. पुढे तिचे आप्रवासी घाट असे नामकरण झाले आणि 2006 मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली.

त्या कारकुनाने एक मोठाच घोटाळा करून ठेवला. त्याने माणसाचे नाव लिहिले, बापाचे लिहिले, आडनावाच्या भानगडीत पडलाच नाही. त्यामुळे गोविंद नावाचा माणूस उतरला की त्याची पुढची सगळी पिढी आडनावाने गोविंद. तिथला पहिला गणेशोत्सव 1896 साली हेन्रिएटा गावी ज्या घराने केला, त्याचे आडनाव भिवाजी! तेव्हा आडनावावरून भाऊबंद ओळखायची आपली विद्या तिथे साफ निकामी.

पश्चिमेला कास्कावेलच्या बाजूला, उसात बुडालेल्या एका खेड्यात मी बसमधून उतरलो. शेताशेतांतून काळ्या दगडांचे हे भले मोठे ढीग. ज्वालामुखीची जमीन, ऊस लावण्याआधी माणसांनी हातांनी दगड वेचून काढले, त्याचे ते ढीग. माझे यजमान वयाने पंचावन्नचे, साखर कारखान्यात फिटर. आमचे नाते काका-पुतण्याचे की भावाभावाचे, हे मी बोटांवर मोजू लागलो. त्यांनी एका शब्दात निकाल लावला : ‘कुझँ.’ क्रिओल भाषेत चुलत, मावस, आते, मामे सगळे एकाच कुझँमध्ये बसतात. केवढी सोय!

जेवायला भात, डाळ, ब्रेद म्हणजे पालेभाजीचा पातळ रस्सा आणि ‘सातिनी’. ती चटणी आहे हे जिभेला कळले, कानाला वेळ लागला. मुले क्रिओल बोलत, शाळेत इंग्रजी-फ्रेंच शिकत. घरातली मराठी उरली होती ती यजमानांच्या आईकडे. ऐंशीच्या घरातली म्हातारी. मला जवळ बसवून म्हणाली, ‘‘तू कुनाचा रे, बाबा?’’ हुबेहूब आमच्या वाडीतला हेल. तिने उभ्या जन्मात वाडी पाहिलेली नव्हती.

मग भिंतीवरून एक चौकट खाली आली. मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत त्या स्थलांतराची दप्तरे जपून ठेवली आहेत. तिथून मिळवलेला उतारा आणि फोटो. 1867 च्या कायद्याने जुन्या मजुरांनाही फोटोचा पास बाळगणे भाग पडले होते. फोटोत डोक्याला मुंडासे आणि दादांचे नाक. नात्याचा आणखी पुरावा मला लागला नाही. उताऱ्यात सहा आकडी क्रमांक, बापाचे नाव, वय एकवीस, उंची, उजव्या भुवईवर व्रण, जिल्हा, गाव, बोट, मळा. माणूस पळाला तर धरून आणता यावा म्हणून एवढी बारकाई. हेतू वाईट, पण माणूस कागदावर राहिला.

मला आठवला आमच्या ट्रंकेतला कागद. वाटणीपत्र. त्यात याच माणसाबद्दल एकच ओळ : ‘थोरला परागंदा, सबब त्याचा हिस्सा धाकट्याकडे.’ धाकटा म्हणजे माझे पणजोबा. त्या हिश्श्यातली कलमे विकून वडिलांचे कॉलेज झाले आणि वडिलांच्या नोकरीवर माझे.

म्हातारीने विचारले, ‘‘आमचा घर हाय अजून थितं?’’

‘‘आहे की.’’

‘‘नि आंबं? आमच्या वाटचं कोन खातो?’’

सगळे हसले. मीही हसलो आणि डाळ पुन्हा वाढून घेतली.

चार दिवस त्यांनी मला बसच्या तिकिटालाही खिशात हात घालू दिला नाही. निघताना साखरेची पिशवी दिली.

घरी आल्यावर दादांना सगळे सांगितले. त्यांनी आधी विचारले, ‘‘हिश्श्याचं काही बोलले?’’

‘‘म्हातारी आंब्यांचं विचारत होती.’’

दादा बराच वेळ गप्प बसले. मग ट्रंक उघडली, वाटणीपत्र काढले, माझ्याकडून तो सहा आकडी क्रमांक मागून घेतला आणि ‘परागंदा’च्या शेजारी बारीक अक्षरात लिहिला. पेन्सिलीने. शाईने लिहिले तर कायद्यात काय बसेल ते आधी वकिलाला विचारायला हवे, म्हणाले.