प्राधान्य रांगा (नेटवर्क स्विच)

स्विचच्या एखाद्या पोर्टातून बाहेर पडू पाहणारी पॅकेट्स त्या पोर्टाच्या वेगापेक्षा जास्त झाली, की ती बफरमध्ये थांबतात. त्यांतली आधी कोणती सोडायची आणि जागा संपल्यावर कोणती टाकून द्यायची, हे ठरवण्यासाठी पोर्टावर वेगवेगळ्या रांगा असतात. बहुधा चार किंवा आठ. रांगांनी बँडविड्थ वाढत नाही. त्यांचा उपयोग वेग घटतो तिथे, म्हणजे २४ पोर्टांची रहदारी एकाच अपलिंकमध्ये शिरते तिथे. पाच मिनिटांच्या सरासरीत असा पोर्ट जवळजवळ रिकामा दिसतो, पण काही मिलिसेकंदांचा लोंढा रांग भरून टाकायला पुरतो. दर २० मिलिसेकंदांनी एक पॅकेट पाठवणाऱ्या आयपी फोनवर बोलणाऱ्याला ते लगेच ऐकू येते.

पॅकेटचा दर्जा त्यावरच्या खुणेवरून कळतो. ८०२.१क्यू टॅगमध्ये त्यासाठी तीन बिट आहेत, म्हणून ० ते ७ अशी मूल्ये. आयपी शीर्षातल्या डीएससीपीला सहा बिट आहेत. ही रचना १९९८च्या आरएफसी २४७४ मध्ये ठरली. आवाजासाठी अनुक्रमे ५ आणि ४६ ही मूल्ये रूढ आहेत. टॅगमधला १ हा ० पेक्षा खालचा दर्जा मानला जातो. बॅकअपसारखी न घाईची कामे त्यात जातात.

कॉन्फिगरेशनची सुरुवात विश्वासापासून करावी: कोणत्या पोर्टावरून आलेली खूण खरी मानायची? फोनची मानावी, अनोळखी लॅपटॉपची मानू नये. त्यानंतर खुणांची रांगांशी जोडणी आणि शेवटी रांगांचा क्रम. कडक प्राधान्याची रांग रिकामी होईपर्यंत बाकीच्या थांबतात, त्यामुळे तिच्यात फक्त आवाज ठेवावा आणि शक्य तिथे मर्यादा घालावी. उरलेल्या रांगांना भारानुसार वाटे द्यावेत. एम. श्रीधर आणि जॉर्ज वर्गीस यांनी १९९५ मध्ये मांडलेली डेफिसिट राउंड रॉबिन पद्धत पॅकेटांची संख्या न मोजता बाइट मोजते, त्यामुळे मोठी पॅकेट्स पाठवणाऱ्याला जादा वाटा मिळत नाही.

अर्धवट केलेली मांडणी मुळीच न केलेल्या मांडणीपेक्षा जास्त नुकसान करते. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६०, ३५६० आणि ३७५० या मालिकांत ‘एमएलएस क्यूओएस’ ही आज्ञा दिली, की सगळे पोर्ट अविश्वासू ठरतात आणि फोनने लावलेली खूण शून्य होते. शिवाय बफर चार रांगांत विभागला जातो. साधी रहदारी मग एकाच रांगेत कोंबली जाते आणि शेजारी जागा असूनही पॅकेट्स गळू लागतात. म्हणून या स्विचांवर विश्वास, जोडणी आणि बफरचे वाटे एकाच वेळी ठरवावेत, आणि बदलाआधी व बदलानंतर रांगनिहाय गळती मोजावी. फाइलींच्या रांगेतली थोडी गळती टीसीपी सावरून घेते. आवाजाच्या रांगेत गळती दिसली, तर ४६ ची खूण आणखी कोण लावत आहे ते आधी शोधावे.