किशपेश्त

किशपेश्त हा हंगेरीची राजधानी बुडापेस्टचा १९ वा जिल्हा. शहराच्या आग्नेयेला, डॅन्यूब नदीच्या पूर्वेकडील सपाट भागात तो वसला आहे. क्षेत्रफळ साडेनऊ चौ. किमी.पेक्षा थोडे कमी, लोकसंख्या सुमारे ६० हजार. राजवाडे, स्नानगृहे, नदीवरचे पूल या बुडापेस्टच्या ओळखीच्या खुणांपैकी इथे एकही नाही. तरीही जगभरच्या फुटबॉलप्रेमींना हे नाव ठाऊक आहे, ते होनवेद या क्लबमुळे आणि त्यातून पुढे आलेल्या फेरेंत्स पुश्काश व योझेफ बोझिक या दोन खेळाडूंमुळे.

१८७१ मध्ये किशपेश्तला स्वतंत्र गावाचा दर्जा मिळाला. पेश्त शहर झपाट्याने वाढत होते, शहरातील भाडी कामगारांना परवडत नव्हती, आणि हद्दीबाहेर स्वस्तात जमीन मिळत होती. त्यामुळे येथे बैठी घरे, छोटे कारखाने आणि मोकळी मैदाने असलेली वस्ती उभी राहिली. शेतीची यंत्रे व पुढे ट्रॅक्टर बनवणारा मोठा कारखाना तसेच कापडगिरणी यांनी तिला रोजगार दिला. १९२२ मध्ये किशपेश्त नगर झाले आणि १ जानेवारी १९५० रोजी बुडापेस्टमध्ये विलीन झाले.

पाहण्याजोगी जागा म्हणजे वेकेर्ले वसाहत. पंतप्रधान शांदोर वेकेर्ले यांच्या नावाने ओळखली जाणारी ही सरकारी कामगार वसाहत १९०८ च्या सुमारास सुरू होऊन १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पुरी झाली. चार हजारांहून अधिक घरे, प्रत्येक घरामागे बाग, रस्त्यांच्या दुतर्फा झाडे. मधल्या चौकाला वास्तुविशारद कारोय कोश यांचे नाव आहे. त्यांनी ट्रान्सिल्वेनियातील लाकडी कमानी आणि उंच उतरती छपरे येथे आणली. कामगारांच्या घरांचाही इतका जिव्हाळ्याने विचार केलेल्या वसाहती त्या काळच्या युरोपात फार नव्हत्या. गावाचा जुना मध्यभाग मात्र उरला नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तो पाडून तेथे तयार काँक्रीटच्या फलकांच्या उंच इमारती बांधण्यात आल्या.

वेकेर्ले वसाहत आकार घेत असतानाच, १९०९ मध्ये, ‘किशपेश्ती एसी’ हा क्लब स्थापन झाला. त्याचे रंग लाल आणि काळा. १९१६ मध्ये तो पहिल्या श्रेणीत आला आणि १९२६ मध्ये त्याने हंगेरियन चषक जिंकला. मात्र फेरेंत्सवारोश, एमटीके आणि उयपेश्त या तीन बड्या क्लबांपुढे त्याचे बळ कमी पडे. पहिल्या ४० वर्षांत त्याला एकदाही लीगचे विजेतेपद मिळाले नाही. हा सर्वस्वी गावचा संघ होता: खेळाडू इथले, प्रेक्षक इथले, चिंताही इथल्याच.

या क्लबच्या मैदानाच्या कडेला पुश्काश वाढला. त्याचा जन्म १९२७ चा. घराण्याचे मूळ आडनाव पुर्त्सेल्द, ते १९३७ मध्ये बदलून पुश्काश झाले. वडील किशपेश्तचे खेळाडू आणि नंतर प्रशिक्षक. शेजारच्या घरात १९२५ साली जन्मलेला बोझिक राहत असे. भिंतीवर टकटक केली की दुसऱ्याने बाहेर खेळायला यायचे, असा दोघांचा संकेत होता. त्या काळी कामगार वस्तीतल्या मोकळ्या जागेला मुले ‘ग्रुंड’ म्हणत. तिथे जुन्या कपड्यांच्या चिंध्यांचा चेंडू करून अंधार पडेपर्यंत खेळ चाले. तसा चेंडू उसळत नाही, म्हणून त्याला पायाशी धरून ठेवण्याची आणि अचूक हलवण्याची सवय आपोआप लागते. पुढे जगाने ज्या हंगेरियन तंत्राचे कौतुक केले, त्याचा पाया या ग्रुंडवर घातला गेला, असे मानायला भरपूर आधार आहे. वय कमी असल्यामुळे लहानग्या पुश्काशला सुरुवातीला मिक्लोश कोवाच या खोट्या नावाने खेळवले गेले. १९४३ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो मुख्य संघात आला. १९४७-४८ च्या मोसमात त्याने लीगमध्ये ५० गोल केले.

१९४९ मध्ये कम्युनिस्ट राजवटीने देशातील क्लब सरकारी खात्यांत आणि संघटनांत वाटून दिले. एमटीके गुप्त पोलिसांकडे गेला, उयपेश्त पोलिसांकडे, फेरेंत्सवारोश अन्नउद्योगातील कामगार संघटनेकडे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात किशपेश्त संरक्षण मंत्रालयाच्या ताब्यात गेला आणि त्याचे नाव ‘बुडापेश्ती होनवेद’ झाले. हंगेरियन सैनिकाला होनवेद म्हणतात. लाल-काळ्या रंगांच्या जागी लाल-पांढरा आला. राष्ट्रीय संघाचे प्रमुख आणि क्रीडा खात्यातील वरिष्ठ अधिकारी गुश्ताव शेबेश यांना देशाचा संघ एकाच क्लबात रोज एकत्र खेळायला हवा होता. फेरेंत्सवारोशचा राष्ट्रवादी लौकिक राजवटीला खुपत होता, आणि किशपेश्तकडे पुश्काश व बोझिक आधीच होते. म्हणून निवड किशपेश्तची झाली. सक्तीच्या लष्करी सेवेचे हत्यार हातात असल्याने हवा तो खेळाडू ओढून आणता येई. फेरेंत्सवारोशमधून शांदोर कोचिश आणि लास्लो बुदाई आले, पाठोपाठ गोलरक्षक ग्युला ग्रोशिच, बचावपटू ग्युला लोरांट आणि डावीकडून धावणारा झोल्तान त्सिबोर आले. पुश्काश कागदोपत्री लष्करात मेजर झाला.

हे उघड जबरदस्तीचे काम होते, आणि त्यातून निर्माण झालेला संघ अप्रतिम होता. दोन्ही गोष्टी नोंदवल्याच पाहिजेत. १९५० ते १९५५ या काळात होनवेदने पाच वेळा लीग जिंकली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या आणि २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ असे हरवणाऱ्या राष्ट्रीय संघाचा कणा होनवेदचाच होता. वेम्ब्लीवरच्या अकरांपैकी निम्म्याहून अधिक खेळाडू या एका क्लबाचे होते. १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीकडून ३-२ असा झालेला पराभव हंगेरीत आजही विसरला गेलेला नाही. या वर्षांत मोठे सामने किशपेश्तच्या लहान मैदानाऐवजी १९५३ मध्ये उघडलेल्या नेपस्टेडियनमध्ये होऊ लागले. म्हणजे संघ जगाचा झाला आणि गावापासून दुरावला.

१३ डिसेंबर १९५४ रोजी इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टन (वुल्व्ह्ज) या क्लबच्या मैदानावर प्रकाशझोतात झालेला सामना क्लबच्या इतिहासात आणि युरोपच्याही इतिहासात महत्त्वाचा आहे. होनवेद २-० ने पुढे होता. मैदानाला मुद्दाम पाणी देऊन चिखल केला होता. उत्तरार्धात वुल्व्ह्जने तीन गोल करून सामना जिंकला. इंग्लिश वर्तमानपत्रांनी त्यांना जगज्जेते ठरवताच फ्रान्सच्या ‘लेकीप’ दैनिकातील गाब्रिएल आनो यांनी हा निकाल मान्य केला नाही. विजेता ठरवायचा तर युरोपातील क्लबांची रीतसर स्पर्धा घ्या, असे त्यांनी लिहिले. त्यातून पुढच्याच वर्षी युरोपियन चषक सुरू झाला.

त्याच स्पर्धेसाठी होनवेद संघ १९५६ च्या शरदात देशाबाहेर पडला. ऑक्टोबरात बुडापेस्टमध्ये उठाव झाला होता आणि ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. बिल्बाओत होनवेद ३-२ असा हरला. परतीचा सामना घरी होणे शक्य नव्हते, म्हणून तो ब्रसेल्सला झाला. गोलरक्षक जखमी झाल्यावर त्सिबोर गोलमध्ये उभा राहिला, सामना ३-३ सुटला आणि संघ स्पर्धेबाहेर गेला. त्यानंतर हंगेरियन महासंघाचा विरोध डावलून, प्रशिक्षक बेला गुटमन यांच्यासह हा संघ ब्राझीलच्या दौऱ्यावर गेला. दौरा संपला आणि संघही संपला. पुश्काश, कोचिश व त्सिबोर पश्चिमेत राहिले. त्यांच्यावरील खेळण्याच्या बंदीचा काळ संपल्यावर पुश्काश रेआल माद्रिदमध्ये, तर उरलेले दोघे बार्सिलोनात गेले. बोझिक मायदेशी परतला, निवृत्त होईपर्यंत होनवेदसाठीच खेळला आणि हंगेरीकडून १०१ सामने खेळला. किशपेश्तला त्याच्याविषयी वाटणारा आदर वेगळ्याच प्रतीचा आहे, आणि तो योग्य आहे.

फुटलेल्या संघाला सावरायला वेळ लागला. १९६० च्या दशकात लायोश तिही याच्या जोरकस फटक्यांनी क्लबचे नाव टिकवले, आणि १९८० मध्ये त्याच्याच प्रशिक्षणाखाली २५ वर्षांनी विजेतेपद परत आले. १९८४ ते १९९३ या काळात आणखी सात विजेतेपदे मिळाली. मधल्या फळीतील लायोश देतारी हा त्या पिढीचा सर्वांत देखणा खेळाडू. १९९१ मध्ये नाव ‘किशपेश्त-होनवेद’ झाले आणि लाल-काळा रंग परत आला. नंतर लष्कराचा आधार गेला, पैसा आटला आणि २००३ मध्ये क्लब पहिल्यांदाच खालच्या श्रेणीत घसरला. एका मोसमात तो परतला. २००६ मध्ये हंगेरियन-अमेरिकन उद्योजक जॉर्ज हेमिंग्वे यांनी तो विकत घेतला आणि तरुण खेळाडू घडवणाऱ्या अकादमीवर भर दिला. २०१७ मध्ये इटालियन प्रशिक्षक मार्को रॉसी यांच्या संघाने शेवटच्या दिवशी व्हिदेओतोनला मार्तोन एपेलच्या एकमेव गोलने हरवून क्लबचे १४ वे विजेतेपद मिळवले. हंगेरियन चषक क्लबने आठ वेळा जिंकला आहे, शेवटचा २०२० मध्ये. २०२३ मध्ये संघ पुन्हा दुसऱ्या श्रेणीत गेला.

क्लबने १० क्रमांकाचा शर्ट पुश्काशच्या सन्मानार्थ कायमचा बाजूला ठेवला आहे. मैदानाला मात्र नाव बोझिकचे आहे. जुने स्टेडियम पाडून त्याच जागी बांधलेली नवी बोझिक अरेना २०२१ मध्ये खुली झाली. तिची क्षमता आठ हजारांच्या वर आहे. लष्कराने दिलेले नाव अधिकृत असले, तरी प्रेक्षक आजही आपल्या संघाला किशपेश्तच म्हणतात. स्टेडियमवर जाण्यासाठी मेट्रोच्या तिसऱ्या मार्गावरील हातार ऊत स्थानकावर उतरून ४२ क्रमांकाची ट्राम शेवटच्या थांब्यापर्यंत घ्यावी. स्टेडियम तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि वेकेर्ले वसाहत हातार ऊत स्थानकापासून जवळ आहे.